नऱ्या, तुझा फोन चालू झाला

नऱ्या, तुझा फोन माझ्या टेबलावर आहे. चालू आहे. झकास चालतोय, अडकत नाही, तापतही नाही. त्यात तू जे जे साठवून ठेवलं होतंस ते मात्र सगळं गेलं आणि ते माझ्या हातानं गेलं. ऋतूला तिच्या बाबाचा, तुझा, आवाज हवाय. तो आता कुठेच नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी आठवणी काढत बसेन आणि मुद्दा राहून जाईल. तू मला ओळखतोस. मुद्दा टाळण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही.

तेरवीला सगळे तुझ्याबद्दल चांगलं बोलत होते. शाळेतले सर, तुझे सोयरे, वडनेरचे आपले वर्गमित्र. "मास्तर लय साधा माणूस होता," म्हणे. मी मान डोलावत होतो, पण माझ्यासमोर दिसत होतास तू मे महिन्यातल्या भर दुपारी शाळेच्या खिचडी शिजवायच्या शेडवर चढलेला, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, तापल्या टिनावर स्वतःचा फोन ठेवून तो कधी गचके खातो याची वाट पाहणारा. शाळेला सुट्ट्या, गावात चिटपाखरू नाही आणि गुरुजी टिनावर. गावकऱ्यांना वाटायचं, मास्तर शेड गळते का ते पाहतात. भर उन्हाळ्यात!

आपल्या या नादाला घरच्यांनी कधी नाव दिलं नाही, माझ्या ऑफिसनं मात्र दिलं. फोनच्या प्रोसेसरनं किती जोरात धावायचं, किती वीज खायची आणि तापला की कुठे थांबायचं हे ठरवणारा जो आतला भाग असतो त्याला कर्नेल म्हणतात, एवढंच मी एकदा चहाच्या वेळी समजावून सांगितलं. तेव्हापासून कॉलेजच्या ऑफिसात मी 'कर्नल साहेब' झालो. कंपनी फोनला एका मर्यादेत धावू देते. मी ती मर्यादा ओलांडणारं नवं कर्नेल बनवायचो, हिंगणघाटला घरी, लॅपटॉपसमोर आरामात बसून. ते पहिल्यांदा चढायचं समुद्रपूरला, तुझ्या फोनवर. माझ्या फोनवर नाही. माझ्या फोनमध्ये बँक होती, ऑफिस होतं, बायकोनं काढलेले फोटो होते. तुझ्या फोनमध्ये जणू काही नव्हतंच.

तुझी तपासायची रीतही न्यारी होती. मी आकडे मागायचो. प्रोसेसर किती अंशांवर गेला, किती वेळ टिकला, कुठे अडकला. तू आकडे द्यायचास, पण आधी फोन गालाला लावून पाहायचास. मी एकदा चिडलो, म्हटलं, "काऊन बे, थर्मामीटर आहेस का तू?" तर तू म्हणालास, "लोकं फोन गालालेच लावतेत ना बे. आकड्याले थोडी लावतेत." मग तुझा निकाल यायचा. 'गाल भाजला. नापास.' किंवा, 'गरम आहे पण बोलता येते. पास.' मास्तरकी कुठे जाते!

आपल्या ऑनलाइन ग्रुपवर जगभरचे लोक माझी कर्नेलं घ्यायचे. मी त्यांच्यासाठी 'विदर्भ टेस्ट पास' असं लिहायला लागलो, तेव्हा पोलंडच्या एकानं विचारलं, ही टेस्ट कुठल्या लॅबमध्ये करता? तू त्याला शेडचा फोटो पाठवलास. सावलीला दोन बकऱ्या बसलेल्या. खाली तुझं इंग्रजी, 'फोन इज हॉट बट नॉट अँग्री.' ते वाक्य त्या लोकांना इतकं आवडलं की महिनाभर जो तो तेच लिहीत होता. मी तुझ्या इंग्रजीची टिंगल केली होती. तू हसला होतास.

आणि ते दिवाळीनंतरचं. तू कुठल्याशा प्रशिक्षणाला गेला होतास, मला धीर नव्हता, मी न तपासताच एक कर्नेल ग्रुपवर टाकून दिलं. तासाभरात फोन पटापट अडकायला लागले. शिव्यांचा पाऊस पडला. मी काय केलं? लॅपटॉप बंद केला आणि चौकात जाऊन चहा घेत बसलो. घरी येऊन पाहतो तर तू एसटीत बसून एकेकाला उत्तर देत होतास. जुनं कर्नेल परत कसं चढवायचं ते सांगत होतास, आणि प्रत्येकाच्या शेवटी, 'सर, वेट. डेव्हलपर इज गुड मॅन. ही इज हॅविंग टी.' मी चहा पितोय हे तुला कुणी सांगितलं होतं रे? त्या संध्याकाळी मी तुला धन्यवादसुद्धा म्हटलं नाही. आपल्यात कुठे तसं म्हणतात! आता म्हणतो. घे.

आपलं एक भांडण मात्र तसंच राहिलं. तुमच्या शाळेला कुणीतरी जुने टॅब दान दिले होते. पोरांच्या हातात ते दुपारपर्यंतही टिकत नव्हते. तू माझ्या मागे लागलास.

"पव्या, एक हळू चालणारं कर्नेल बनव ना. थंड राह्यलं पाह्यजे, दिवसभर पुरलं पाह्यजे. त्या टॅबले कुठं पळाचं आहे?"

"हळू कराले काय अक्कल लागते बे?"

"लागते. म्हणून तर तू करून नाई राह्यला."

मला ते झोंबलं. कारण खरं होतं. वेगाचा आकडा वाढला की ग्रुपवर वाहवा व्हायची, समुद्रपूरच्या चौथीतल्या पोट्ट्यांची बॅटरी टिकली म्हणून कुणी टाळ्या वाजवणार नव्हतं. मी दर वेळी 'पाहू' म्हणत राहिलो. आपलं शेवटचं बोलणंही तेच. तू म्हणालास, "उन्हाळा लागला, आता तरी ते हळू वालं दे." मी तुला त्याऐवजी आजवरचं सगळ्यात वेगवान कर्नेल पाठवलं आणि म्हटलं, "हे पहिले तपास, मंग तुझं पाहू." तू नेहमीसारखं ते चढवलंस. त्या आठवड्यात शाळेत पेपर तपासता तपासता तू खुर्चीतून खाली पडलास, आणि उठला नाहीस.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते सगळ्यांना माहीत आहे, ते इथे नको. मी फोनचं सांगतो. आपण दोघांनी तुझा फोन इतका हलका करून टाकला होता की त्यात कंपनीचं एकही खातं ठेवलं नव्हतं. आपोआप कुठे साठवणं नाही, कसली नक्कल नाही, सगळं ओझं काढून फेकलेलं. ते मीच काढायला लावलं होतं. तेव्हा तू एकदा विचारलंही होतंस, "फोन मेला तर आतलं कसं काढतेत बे?" मी काय उत्तर दिलं आठवतं? "मी आहे ना!" तुझा माझ्यावर भरवसा होता, म्हणून तू तो विषय पुन्हा काढला नाहीस.

आत काय होतं तेही मला माहीत होतं. तुमच्याकडे मुक्कामाला आलो होतो तेव्हा ऐकलं होतं. ऋतू उशाशी फोन ठेवून पडलेली आणि फोनमधून तुझा आवाज. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एकावन्न, सतरा चोक अडुसष्ट, सतरा पंचे शहाऐंशी. पोरगी ताडकन उठून ओरडली, "चूक! पंच्याऐंशी!" तू प्रत्येक पाढ्यात मुद्दाम एक चूक करून ठेवायचास. चुकीनंतर थोडा वेळ गप्प राहायचास, तिच्या ओरडण्यापुरता. मग म्हणायचास, "पकडलं का? शाब्बास, माय." तिला सगळ्या चुका पाठ झाल्या होत्या, तरी ती दर वेळी तितक्याच जोरात ओरडायची. मी तेव्हा वहिनींना म्हटलं होतं, हे चांगलं आहे, बापानं चुकायचं आणि पोरीनं पकडायचं. तुझ्या तशा किती फायली होत्या मी मोजल्या नाहीत. पावकी-निमकीपर्यंत गेला होतास म्हणे.

तेरवीच्या पंगती उठल्यावर वहिनींनी मला मागच्या खोलीत बोलावलं. फोन रुमालात गुंडाळलेला होता. त्या म्हणाल्या, "भाऊजी, हे तुमचंच काम आहे. चार्ज केला का कंपनीचं नाव येते अन् तिथंच अटकते. पोरगी रोज म्हणते, बाबाचे पाढे लावून दे." एवढं बोलून त्या बाहेर भांड्यांकडे गेल्या. जाताना दार लोटून घेतलं, मला शांतपणे काम करता यावं म्हणून.

नऱ्या, काम सोपं होतं. वहिनींना तुझा फोन उघडायचा पॅटर्न विचारायचा, तुझं जुनं, चाललेलं कर्नेल बॅगेतल्या लॅपटॉपातून परत चढवायचं, झालं. चहा थंड व्हायच्या आत तुझे पाढे घरात वाजले असते. हेच मी ग्रुपवर हजारांना सांगितलं असेल. पण अडकलेला फोन हातात आला आणि मी तुझा मित्र राहिलो नाही, डेव्हलपर झालो. डोक्यात पहिला विचार पाढ्यांचा नव्हता. पहिला विचार होता, माझं कर्नेल फसलं की काय? इतकं मन लावून बनवलेलं, ग्रुपवर जाहीर करायला निघालेलो, आणि हे अडकतंय? नाही, नऱ्याच्याच फोनमध्ये काहीतरी कचरा साचला असेल.

आपल्यात यावर एक ठरलेली रीत आहे. कुणीही तक्रार घेऊन आला की आपण म्हणतो, आधी सगळं पुसून, कोऱ्या फोनवर चढवून दाखव, मग बोल. कोऱ्यावर चाललं तर दोष तुझ्या कचऱ्याचा, अडकलं तर दोष माझा. मी दुरुस्तीच्या पडद्यावर गेलो. फोननं तुझा पॅटर्न मागितला. मला तो येत नव्हता. मी ते सोडून पुढे गेलो. मग फोननं विचारलं, सगळं पुसलं जाईल, परत मिळणार नाही, पुसायचंच असेल तर येस टाइप करा. ती अक्षरं मी आयुष्यात इतक्यांदा टाइप केलीत की बोटांना विचारावं लागत नाही. बाहेर बायका भांडी घासत होत्या, कुणीतरी उरलेल्या बुंदीचं विचारत होतं, आणि आत मी ते टाइप केलं.

फोन चालू झाला. माझं कर्नेल त्याच्यावर लोण्यासारखं चाललं. पडद्यावर 'नमस्कार' आलं, भाषा निवडा आलं. आणि मला आनंद झाला, नऱ्या. तुझ्या घरात, तुझ्या तेरवीच्या दिवशी, हार घातलेला तुझा फोटो भिंतीपलीकडे असताना मला आनंद झाला की माझं काही चुकलं नव्हतं. किती वेळ टिकला तो? एक श्वास असेल. मग मला पाढे आठवले.  पण तो एक श्वास मी जगलो आणि तो मला पुसता येत नाही.

"झाला का जी चालू?" बाहेरून वहिनींनी विचारलं.

मी म्हटलं, "हो."

त्या हात पुसत आत आल्या. फोन हातात घेतला, बोटानं इकडेतिकडे सरकवून पाहिलं. "यात तर काईच नाई दिसून राह्यलं." मी म्हटलं, थोडं काम बाकी आहे, घरी घेऊन जातो. त्यांनी काही न विचारता फोन परत माझ्या हातात दिला. हिंगणघाटला येईपर्यंत गाडीत मी तो खिशातून एकदाही बाहेर काढला नाही.

पुढचं तुला सांगायची गरज नाही. पुसलेलं परत काढायच्या सगळ्या युक्त्या केल्या. नागपूरला एका दुकानदाराला दाखवलं. त्यानं सरळ विचारलं, "भाऊ, कोणा गाढवानं पुसलं हे?" मी म्हटलं, मालकाच्या मित्रानं. तो म्हणाला, कुलुपासकट किल्लीही वितळवली, आता काही निघत नाही. मी त्याला चुकीचं ठरवायला दुसऱ्याकडे गेलो. दुसऱ्यानं तेच सांगितलं.

मग तुझा आवाज दुसरीकडे कुठे सापडतो का ते शोधत सुटलो. माझ्या फोनमध्ये तुझे बोलून पाठवलेले निरोप असणार, असं वाटलं. नाहीत. मी महिन्याच्या महिन्याला सगळं साफ करतो, फोन हलका राहावा म्हणून. तुझ्या साळ्याच्या लग्नाच्या व्हिडिओत तू सापडलास. पंगतीत बसलेला. बँडच्या आवाजात एवढंच ऐकू येतं, "भात इकडे आण ना बे." मी ते कापून वेगळं काढलंय. वहिनींना पाठवायची हिंमत नाही. पाढ्यांच्या बदल्यात भात कसा देऊ?

लोकांसमोर माझं काय चाललंय तेही ऐक. ग्रुपवर मी तू गेल्याचं लिहिलं. कुठल्या कुठल्या देशांतून लोकांनी मेणबत्त्या पाठवल्या. पोलंडवाल्यानं मला लिहिलं, 'तुझ्यासारखा मित्र नरेशला मिळाला हे त्याचं भाग्य.' त्याला मी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. दुसरं काय पाठवणार होतो?

शेवटी समुद्रपूरला गेलो. बसस्टँडवरून तुमच्या घरापर्यंत चालत, म्हणजे तेवढाच उशीर. वहिनी अंगणात सावलीला गहू निवडत होत्या. मी बसलोही नाही, उभ्यानंच सांगितलं. तुमच्याकडून पॅटर्न विचारून घ्यायला हवा होता, घेतला नाही. जुनं कर्नेल चढवायला हवं होतं, चढवलं नाही. पुसायची गरज नव्हती, मी पुसलं. सगळं सांगितलं. फक्त तो आनंद सांगितला नाही. तो तुलाच सांगतोय.

त्यांचा हात परातीत थांबला.

"काईच नाई निघत?"

"नाई, वहिनी."

"नागपूरले दाखवलं?"

"दाखवलं."

त्या खडा शोधत राहिल्या. मला वाटलं, आता बोलतील. काहीही बोलल्या असत्या तर मी खाली मान घालून ऐकून घेतलं असतं, त्यासाठीच तर आलो होतो. त्यांनी आवाजही चढवला नाही.

"तिचा बाप गेला हे मीच सांगतलं तिले," त्या म्हणाल्या. "कसं सांगतलं ते माह्यं मले माहीत. आता हे मी नाई सांगत."

"मी सांगतो. माझ्या हातून झालं, मीच सांगतो."

"तुम्हीही नोका सांगू. इतक्यात नाई. फोन दुरुस्तीले आहे म्हणा."

"वहिनी, तिले खोटं..."

"मंग काय झालं? तेवढं तरी करा."

कबूल करून मोकळं व्हायला आलो होतो मी. त्यांनी मला मोकळं केलं नाही, आणि का करावं?

तेवढ्यात ऋतू आली. उन्हातून खेळून, घामानं केस कपाळाला चिकटलेले. तुझ्यासारख्याच आठ्या कपाळावर घालून मला पाहिलं आणि धावत आली. "काका, बाबाचा फोन आणला?"

मी वहिनींकडे पाहिलं. त्या गव्हाकडे पाहत होत्या.

"नाई बेटा. अजून दुरुस्तीत आहे."

"किती दिवस लागतीन?"

"सांगता नाई येत. लय जुना आहे ना तो."

 ती माझी बाही धरून, हळू आवाजात, मला काहीतरी महत्त्वाचं समजावून सांगावं तसं म्हणाली, "लागू द्या टाइम. पण काका, त्यातलं काई मिटवू नोका."

"नाई मिटवत," मी म्हटलं.

ती "बरं" म्हणाली आणि परत खेळायला पळाली.